केस पेपर लिहिणारा हकीम

शाबान सरला आणि रमजान सुरू झाला. ज्या हकिमाची ओळख आज करून द्यायची आहे, त्यांचा जन्म शाबानचा आणि मृत्यूही शाबानचाच. अल-बिरूनीने दिलेल्या नोंदीनुसार हिजरी 251 च्या शाबानच्या पहिल्या तारखेला ते जन्मले आणि हिजरी 313 च्या शाबानच्या पाचव्या तारखेला वारले. म्हणजे चांद्र वर्षांनी मोजले तर बासष्ट वर्षे आणि वर काही दिवस. इसवी सनाच्या हिशेबाने 865 ते 925. हा बिरूनी म्हणजे तोच, जो संस्कृत शिकला आणि ज्याने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने या हकिमाच्या पुस्तकांची एक वेगळी यादी केली होती. तिच्यात 184 पुस्तके भरली.

हकिमांचे पूर्ण नाव अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी. आजच्या तेहरानला लागून असलेले रे हे त्यांचे गाव, आणि रे गावचे ते राझी. उर्दू वाचणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. कुरआनच्या भाष्यासाठी प्रसिद्ध असलेले इमाम फख्रुद्दीन राझी वेगळे. तेही रे गावचेच, पण या हकिमांच्या सव्वादोनशे वर्षांनंतरचे. युरोपात आपल्या हकिमांना ऱ्हाझेस म्हणत.

रमजानच्या पानावर साधारणपणे सहरी-इफ्तार, जकात, खुलताबादचे सुफी संत यांच्याविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण रोजा आणि आजार यांचा संबंधही जुना आहे. आजारी माणसाला कुरआनने रोजातून सवलत दिली आहे. सुटलेले रोजे त्याने बरे झाल्यावर पूर्ण करावेत. आता कोण किती आजारी, कोणाला रोजा झेपेल आणि कोणाला झेपणार नाही, हे ठरवायला त्या माणसाचा मागचा इतिहास माहीत असावा लागतो. राझींचे सगळे आयुष्य या एका गोष्टीत गेले. माणसाचे दुखणे कधी सुरू झाले, कसे बदलत गेले, आणि याच्यासारखा दुसरा कोणी रोगी आपण आधी पाहिला आहे का, हे ते लिहून ठेवत गेले.

तरुणपणी ते वैद्यकाकडे वळलेले नव्हते. ऊद हे तंतुवाद्य ते उत्तम वाजवत, गातही. पुढे किमया म्हणजे धातूंच्या रसायनाचा नाद लागला. त्या काळातले त्यांचे किमयेवरचे लेखन आजही अभ्यासले जाते, कारण त्यात जादूटोण्याऐवजी भट्टी, भांडी आणि क्रिया यांचे वर्णन आहे. वैद्यक ते मोठ्या वयात शिकले. मग आधी रे आणि नंतर बगदाद, अशा दोन्ही ठिकाणच्या रुग्णालयांचे ते प्रमुख झाले. तेव्हा रुग्णालयाला बिमारिस्तान म्हणत. बिमार हा शब्द आपल्याकडेही आहे, त्यामुळे अर्थ सांगायला नको.

बगदादचे रुग्णालय कुठे बांधावे हे ठरवण्यासाठी त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथे ते सर्वांत उशिरा सडले ती जागा निवडली, अशी गोष्ट फार सांगितली जाते. समाजमाध्यमांवर दर रमजानला ती फिरतेच. गोष्ट चांगली आहे, पण ज्या अजुदी रुग्णालयाच्या संदर्भात ती सांगतात ते राझींच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने उभे राहिले. मोठ्या माणसाला मोठे करायला अशा गोष्टी लागतात असे आपल्याला का वाटते, कोण जाणे. त्यांचे खरे काम याहून कितीतरी अधिक नवलाचे आहे.

इब्न अल-नदीम हा बगदादचा ग्रंथसूचीकार. त्याने राझींना पाहिलेल्या माणसाकडून ऐकून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. मोठ्या डोक्याचा म्हातारा हकीम मध्ये बसायचा. त्याच्याभोवती शिष्यांचे एक कडे, त्यांच्याभोवती त्यांच्या शिष्यांचे दुसरे, आणि त्याबाहेर आणखी एक. रोगी येई तो सर्वांत बाहेरच्या कड्याकडे. त्यांना उलगडले तर ठीक, नाहीतर तो आतल्या कड्याकडे जाई. कोणालाच उमगले नाही की मग राझी बोलत. आपल्या घाटी रुग्णालयात इंटर्न, निवासी डॉक्टर आणि शेवटी मोठे सर अशी जी रांग लागते, तिचीच ही पूर्वज म्हणायला हरकत नाही. गरिबांशी ते फार मायेने वागत, त्यांची शुश्रूषा करत, त्यांना पैसेही देत, असेही त्याच वर्णनात आहे. आणि हा माणूस कधीही भेटला तरी काहीतरी लिहीत किंवा नकलून घेत बसलेला असे.

काय लिहीत होते ते? दोन प्रकारचे लेखन होते. एक म्हणजे त्यांनी वाचलेल्या सर्व वैद्यांची मते, रोगवार लावलेली. त्यात ग्रीकांचे बुकरात आणि जालीनूस आहेत, सुरियानी वैद्य आहेत, आणि आपल्याकडचे चरक आणि सुश्रुतही आहेत. बगदादमध्ये बर्मकी वजिरांनी मंका नावाच्या हिंदी वैद्याकडून सुश्रुताचा ग्रंथ भाषांतरित करून घेतला होता. राझींच्या वह्यांत चरकाचे नाव अरबी वळणाने शरक असे येते. इतरांचे मत लिहून झाले की राझी एक छोटा अरबी शब्द टाकत, ली. त्याचा अर्थ माझे. त्यापुढे जे येते ते त्यांचे स्वतःचे, डोळ्यांनी पाहिलेले. जालीनूस असे म्हणतो, अमुक वैद्य तसे म्हणतो, आणि मग ली, मी रुग्णालयात काय पाहिले ते हे. जालीनूसबद्दल त्यांना अपार आदर होता. तरीही त्याच्याविषयीच्या शंकांचे एक अख्खे पुस्तक त्यांनी लिहिले.

दुसरे लेखन म्हणजे रोग्यांच्या नोंदी. शिष्यांनी त्या एकत्र केल्या. त्या संग्रहाचे नाव किताब अल-तजारिब. तजारिब म्हणजे तजुर्बे, अनुभव. त्यात जवळपास नऊशे रोगी आहेत. पुरुष आहेत, बायका आहेत, मुले आहेत. कोण आले, काय होत होते, काय दिले. मोठ्या सिद्धांताची एक ओळही त्यात सहसा नसते. आपण ज्याला केस पेपर म्हणतो तोच हा ऐवज. अकराशे वर्षांपूर्वीचा एवढा मोठा गठ्ठा आज आपल्या हाताशी आहे, ही साधी गोष्ट नाही.

या सगळ्यात ज्या रोग्याबद्दल मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, त्याचे नाव अब्दुल्ला इब्न सवादा. त्याला ताप येई. कधी रोज, कधी एक दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी, तर कधी सहा दिवसांनी. ताप येण्याआधी हलकी थंडी वाजे. लघवीला वारंवार जावे लागे. त्या काळी तापांची वर्गवारी त्यांच्या पाळीवरून होत असे. रोजचा ताप, एकाआडचा, चौथ्या दिवसाचा. आपल्याकडच्या आज्यासुद्धा चौथाऱ्या ताप म्हणतच. इब्न सवादाचा ताप मात्र कोणत्याच खणात नीट बसेना. राझींनी दोन शक्यता धरल्या. एक तर हा ताप पुढे चौथाऱ्यात स्थिर होईल, किंवा याच्या मूत्रपिंडात गळू आहे. थोड्याच दिवसांत रोग्याच्या लघवीतून पू आला. राझींनी त्याला सांगितले की आता हे ताप परत येणार नाहीत, आणि ते आले नाहीत. लघवी स्वच्छ होईपर्यंत मूत्रल औषधे, मग जखम भरून येण्यासाठी औषधी माती, ऊद आणि इतर औषधे अशा उपचारांनी सुमारे दोन महिन्यांत तो बरा झाला.

इथे दुसरा कोणी असता तर रोगनिदान बरोबर आले म्हणून नोंद संपवली असती. राझींची नोंद इथून पुढे खरी रंगते. निदान आधीच पक्के का करता आले नाही, याचा हिशेब ते स्वतःकडेच मागतात. पहिले कारण असे की या माणसाला पूर्वी एकाआडचे आणि इतर ताप येऊन गेलेले होते. त्या जुन्या इतिहासामुळे आताचा तापही त्याच जातीचा वाटला. दुसरे असे की वारंवार लघवीवरून मूत्रपिंडाचा संशय बळावत होता. पण या रोग्याच्या वडिलांचेही मूत्राशय कमजोर होते आणि त्यालाही धडधाकट असताना ही सवय होतीच, हे तेव्हा विचारलेच गेले नव्हते. तिसरे, उभे राहिल्यावर कमरेपाशी काही जड लोंबल्यासारखे वाटते का, हा प्रश्न राहून गेला होता. रोग्याने आपण होऊन सांगितले नाही आणि वैद्याने विचारले नाही. पू आल्यानंतर विचारले, तेव्हा तो हो म्हणाला. असा हलगर्जीपणा अल्लाहने चाहिले तर उरलेल्या आयुष्यात होऊ देणार नाही, असे राझी लिहून ठेवतात.

राझींच्या उपचारापेक्षा हा परिच्छेद मला मोठा वाटतो. कारण जो पेच त्यांच्यापुढे होता, तोच आज जगभरचे संगणकशास्त्रज्ञ सोडवू पाहत आहेत. मोठ्या रुग्णालयांत लाखो रोग्यांच्या नोंदी संगणकावर आहेत. नवा रोगी आला की त्याच्यासारखे जुने रोगी शोधायचे, त्यांचे पुढे काय झाले ते पाहायचे, आणि त्यावरून याच्या उपचाराचा अंदाज बांधायचा, असा हा प्रयत्न आहे. म्हणजे राझींचे ते म्हाताऱ्या डोक्यातले काम यंत्राकडून करून घ्यायचे. वाटते तितके ते सोपे नाही. अडचण आहे ती सारखे या शब्दाची. दोन माणसांचे दुखणे सारखे आहे, हे मोजायचे कशाने?

सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन याद्या करायच्या आणि त्यांतल्या किती गोष्टी जुळतात ते मोजायचे. याला ताप, त्यालाही ताप. याला मधुमेह, त्यालाही. पण दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतील, म्हणजे जिचे वजन जास्त तिची साखरही जास्त असे सहसा होत असेल, तर तेच साम्य आपण दोनदा मोजून बसतो. ही गाठ लक्षात घेऊन अंतर मोजण्याचे गणित कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 मध्ये दिले. आजही ते जगभर त्यांच्याच नावाने चालते. त्यांचा मूळ प्रश्न आजारांचा नव्हता. माणसांच्या समूहांची शरीरमापे किती जवळची, किती दूरची, हे त्यांना पाहायचे होते. गणित मात्र सगळ्यांच्या कामी आले.

याद्यांत वेळ नसते, ही दुसरी आणि मोठी अडचण. आधी ताप येऊन मग पुरळ उठणे, आणि आधी पुरळ उठून मग ताप येणे, यादीत दोन्ही सारखेच दिसतात. वैद्याला मात्र ते दोन वेगळे रोग असू शकतात. म्हणून आता नोंदी क्रमाने मांडून तपासतात. एकाचा आजार आठ दिवसांत उरकला आणि दुसऱ्याचा तोच आजार वीस दिवस रेंगाळला, तर एकाची काळाची पट्टी रबरासारखी ताणून दुसऱ्याच्या पट्टीवर बसवतात आणि मग कुठे काय जुळते ते पाहतात. एक जण दर महिन्याला दवाखान्यात येतो, दुसरा तीन वर्षांनी एकदा. त्याचाही हिशेब धरावा लागतो.

तिसरी अडचण तर थेट इब्न सवादाची. नोंद नाही याचा अर्थ दुखणे नाही असा होत नाही. कदाचित कोणी विचारलेच नसेल. कमरेच्या जडपणाची नोंद राझींकडे नव्हती, कारण प्रश्नच गेला नव्हता. यंत्राला ही रिकामी जागा निरोगीपणा वाटते. आणि जुने ताप आठवून राझी जसे क्षणभर चकले, तसे यंत्रही जुन्या साम्याने चकते. खूप सारखा दिसणारा रोगीच कधी कधी सर्वांत जास्त फसवतो.

आता आपल्या शहरातले पाहा. घाटीत जालना, बीड, परभणी, बुलढाणा अशा किती जिल्ह्यांतून माणसे येतात. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात चुरगळलेले केस पेपर, रक्ताचे रिपोर्ट, दोन-चार एक्स-रे. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची पिशवी तर फडावरच कुठेतरी राहते. पुढच्या दवाखान्यात त्याचा इतिहास पुन्हा शून्यापासून सुरू. 2021 पासून सरकारने चौदा अंकी आभा क्रमांक दिला आहे. त्यावर नोंदी साठवायच्या अशी योजना आहे. त्या नोंदी कोण बघणार, रोग्याची संमती कशी घेणार, हे प्रश्न रास्तच आहेत आणि ते विचारत राहिले पाहिजेत. पण ज्याच्या नोंदीच नाहीत त्याच्यासारखा माणूस कोणतेही यंत्र शोधून देणार नाही. तो गरीब असतो, बहुधा बाई असते. राझींच्या वहीत मात्र बायकांचे पेपर आहेत.

पुन्हा राझींकडे. देवी आणि गोवर या दोन आजारांवरचे त्यांचे छोटे पुस्तक म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या इतिहासांना वेगळे करण्याचाच अभ्यास आहे. दोन्हीत ताप, दोन्हीत अंगावर उठणारे. राझींनी बारकावे टिपले. पाठदुखी देवीत अधिक. मळमळ, जिवाची घालमेल, अस्वस्थता गोवरात अधिक. गोवराचा लालपणा कातडीच्या वरवर पसरतो, देवीचे फोड गोल आणि उंचावलेले. फोड बाहेर पडल्यावर ताप उतरला तर चिन्ह चांगले. उठल्यावरही ताप चढतच राहिला तर काळजीचे. म्हणजे नुसते लक्षण पुरत नाही. ते कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हेही पाहायचे. रोगाचे कारण मात्र त्यांनी चुकीचे सांगितले. द्राक्षाचा रस जसा फसफसतो तसे मुलांचे रक्त वयात येताना फसफसते आणि त्यातून हा आजार होतो, असे ते मानत. आपल्याकडे त्याच आजाराला देवीचा कोप म्हणत. कारण दोघांनाही ठाऊक नव्हते, पण राझींच्या खुणा मात्र खऱ्या ठरल्या. म्हणून हे पुस्तक शतकानुशतके छापले गेले. 1848 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा देवी जगात होतीच. भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975 चा. 1980 मध्ये जगातून ती गेल्याची घोषणा झाली. ज्यांच्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे, असे वाचक आजही हे पान वाचत असतील.

आणखी एक छोटे टिपण आहे, फार लोभस. बल्खचे विद्वान अबू जैद यांना वसंतात गुलाब फुलले की सर्दी होई. राझींनी यावर स्वतंत्र लेख लिहिला. आता गंमत पाहा. हिजरी महिने ऋतूंशी बांधलेले नाहीत, ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. एखाद्याने अबू जैद यांची सर्दी केवळ हिजरी महिन्याप्रमाणे लिहिली असती, तर ती यंदा या महिन्यात, काही वर्षांनी दुसऱ्या महिन्यात, असा गोंधळ दिसला असता आणि कसलीच पाळी सापडली नसती. राझींनी ती गुलाबाशी जोडली. कोणत्या घड्याळाने मोजायचे हे ठरले की दोन दुखणी सारखी आहेत की नाहीत ते दिसू लागते.

हाच प्रश्न आपल्याकडे दर रमजानला येतो. मधुमेहाचा रोगी डॉक्टरांना सांगतो, मागच्या रमजानात सगळे रोजे झाले, काही त्रास नाही. चांगली गोष्ट. पण रमजान सरकत असतो. आपल्या शहरात हिवाळ्यातला रोजा साधारण सव्वाबारा तासांचा असतो, तर ऐन उन्हाळ्यातला साडेचौदा तासांच्या आसपास. मे महिन्यातला मराठवाड्याचा उन्हाळा आणि डिसेंबरची थंडी यांत तहानेचा फरक वेगळा सांगायला नको. दहा वर्षांपूर्वी झेपले म्हणून आज झेपेल, ही तुलनाच चुकीची. जवळच्या वर्षांची, जवळच्या ऋतूची साखर, औषधांची मात्रा, कधी गरगरले, कधी साखर उतरली, ही टिपणे घेऊन रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे गेलेले बरे. ज्यांना डॉक्टरांनी नको म्हटले आहे, त्यांनी सवलत घेण्यात संकोच का करावा? ती सवलत देणारा कोणी डॉक्टर नाही.

राझींच्या एका प्रयोगाचा उल्लेख जगभर होतो. सरसाम म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येणारा आजार. त्याची पूर्वचिन्हे दिसणाऱ्या रोग्यांतल्या काहींचे रक्त त्यांनी काढले आणि काहींचे जाणूनबुजून काढले नाही, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता येईल. रक्त न काढलेल्यांना सरसाम झाला असे त्यांनी नोंदवले. रक्त काढणे हा उपचार आज कोणी मानणार नाही, आणि रोग्याला न विचारता उपचार रोखणेही आज चालणार नाही. पण सारख्या रोग्यांचे दोन गट करून पाहावे, हे त्यांना सुचले होते. जालीनूसने सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर त्यांचे भागत नव्हते.

त्यांच्या श्रद्धेविषयी इथे न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. राझींनी पैगंबरीवर शंका घेतली, असा आरोप त्यांच्यावर त्यांच्याच काळात झाला. त्यांच्याच गावच्या अबू हातिम राझी या इस्माइली विद्वानाने त्यांच्याशी वाद घातला आणि तो लिहून ठेवला. अडचण अशी की राझींची ती पुस्तके उरलेली नाहीत. त्यांची मते आपल्याला कळतात ती मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. त्यामुळे काही अभ्यासक त्यांना नास्तिकांच्या रांगेत बसवतात, तर काही ते अमान्य करतात. माझे मत असे की एका बाजूचे कागद पाहून निकाल देऊ नये. राझी रोग्याच्या बाबतीतही तसे करत नसत. त्यांच्या हातचे जे उरले आहे, त्यात अल्लाहचे नाव घेऊन केलेला, पुन्हा हलगर्जी न करण्याचा तो निश्चय आहे.

ज्यांच्याजवळ वैद्य नाही अशांसाठी त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात स्वयंपाकघरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी करायचे उपचार आहेत. ते गरिबांचे वैद्यक म्हणूनही ओळखले जाते. रेचा अधिकारी मन्सूर याच्या नावाने त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, पण नाव टिकले ते दोघांचेही या हकिमामुळेच.

लिहिण्याने त्यांचे शरीर झिजले. एका वर्षात बारीक अक्षरात वीस हजारांवर पाने लिहिली, पंधरा वर्षे रात्रंदिवस मोठ्या ग्रंथावर खपलो, आणि त्यात नजर आणि हाताचे स्नायू गेले, असे त्यांनी स्वतःच्या जगण्याविषयीच्या एका लेखात नोंदवले आहे. तेव्हाही दुसऱ्याकडून वाचून घेणे आणि लिहून घेणे चालूच होते. शेवटी पूर्ण अंधत्व आले. लोक म्हणत, फार घेवडे खाल्ल्याने डोळे गेले. शस्त्रक्रिया करायला एक वैद्य आला, तेव्हा राझींनी त्याला डोळ्याला पडदे किती असतात हे विचारले. त्याला ते सांगता येईना, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, असे एक वृत्त आहे. दुसऱ्या वृत्तानुसार, जग पुष्कळ पाहून झाले, आता पुरे, असे त्यांनी सांगितले.

ते वारले तेव्हा वह्यांचा तो अफाट ढीग विस्कळीत पडलेला होता. तो राहिला त्यांच्या बहिणीकडे. या बाईंचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बुवैही वजीर इब्न अल-अमीदने भरपूर पैसे देऊन ते कागद त्यांच्याकडून घेतले आणि राझींच्या शिष्यांना बसवून ते लावून घेतले. त्यातून झाला अल-हावी, म्हणजे सर्वसमावेशक. तो इतका मोठा की नक्कल करणे परवडेना. पुढच्या पिढीतले वैद्य अली इब्न अब्बास मजूसी यांनी आपल्याला त्याच्या दोनच प्रती ठाऊक असल्याचे नोंदवले आहे. मजूसी हे घराणे मूळचे जरथुष्ट्री. 1279 मध्ये सिसिलीतले ज्यू वैद्य फरज इब्न सालिम यांनी ख्रिस्ती राजा चार्ल्ससाठी त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले, आणि 1486 मध्ये इटलीतल्या ब्रेशिया गावी ते छापले गेले.

मूळ अरबी मात्र छापायला जवळपास आणखी पाचशे वर्षे लागली. ते काम बगदादने केले नाही की तेहराननेही. ते झाले हैदराबादच्या दायरतुल मआरिफमध्ये. पहिला खंड 1955 मध्ये निघाला. तेव्हा आपला जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. खंड निघत राहिले आणि एकूण तेवीस झाले. पुढे केंद्र सरकारच्या युनानी संशोधन परिषदेने त्याचे उर्दू भाषांतरही छापले. मालेगाव, पुणे, अक्कलकुवा, मुंबई इथल्या युनानी महाविद्यालयांतली मुले आज राझींना त्या उर्दूतून वाचू शकतात. मूळ अरबीत जालीनूसचे मत संपते तिथे ते दोन अक्षरी ली येते, आणि त्याच्यापुढे कोणीतरी आजारी माणूस उभा असतो.